दुसरी किल्ली

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली, फडताळाची, माजघरातल्या पेटीची. जुडगा जिच्या कमरेला, घर तिच्या ताब्यात, असा तेव्हाचा सरळ हिशेब. पण आजी एक गोष्ट कटाक्षानं करी. प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली देवघरातल्या पितळी डब्यात ठेवी. ‘एक वापरायची, दुसरी विसरायची,’ असं ती म्हणे.

हे शहाणपण मला मोटार घेताना मात्र आठवलं नाही. तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात मी पुण्यात एक जुनी गाडी घेतली. आठ वर्षं वापरलेली, पण अंगानं धडधाकट. टायर पाहिले, बॉनेट उघडून पाहिलं, ओळखीच्या मेकॅनिकला बसवून एक फेरीही मारली. व्यवहार झाला आणि मालकांनी एक किल्ली माझ्या हातावर ठेवली.

‘आणि दुसरी?’

‘असेल घरात कुठंतरी. सापडली की कळवतो.’

माणूस भला होता. मीही पुन्हा विचारलं नाही.

त्याच वर्षी श्रावणात आईला घेऊन वाईला गेलो. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. घाटावर पाय धुवायला वाकलो आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातली किल्ली कृष्णामाईला अर्पण झाली. पावसाळ्याचं गढूळ पाणी, शोधणार कुठं? गाडीला कुलूप आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आतल्या पिशवीत.

बाजारातून किल्लीवाला बोलावला. त्यानं कुलपात कोरी किल्ली घालायची, उमटलेल्या खुणा पाहायच्या, कानशीनं घासायचं, पुन्हा घालायची, असं तासभर चालवलं. दार उघडलं. आईनं गोळी घेतली. माझा जीव भांड्यात पडला. मग तीच किल्ली मी स्टार्टरला लावली. ती फिरलीही! इंजिन एकदा हुंकारलं आणि गप्प झालं.

किल्लीवाला म्हणाला, ‘काका, ही चिपवाली गाडी. दार माझं ऐकतं, इंजिन ऐकत नाही.’

त्याचं खरं होतं. अशा गाडीच्या किल्लीच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली स्टार्टरमध्ये घातली की तिथली तारेची वेटोळी तिला क्षणभर जागं करते आणि चिप आपला सांकेतिक क्रमांक सांगते. तो गाडीच्या संगणकातल्या नोंदीशी जुळला तरच इंजिन चालू राहतं. म्हणजे किल्ली दाते जुळून नव्हे, ओळख पटून चालते. चोराला अडवणारी ही युक्ती त्या दिवशी मालकालाच आडवी आली.

मालकाला, असं मी म्हणालो खरा. पण गाडी टेम्पोवर चढवून साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तेव्हा तिथल्या मुलानं आरसी बुक मागितलं. त्यावर नाव जुन्या मालकांचं! गाडी घेणाऱ्यानं तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म माझ्या कपाटात पाच महिने पडून होते. ‘नाव तुमचं नाही, तर किल्ली कशी देऊ?’ असं तो मुलगा नम्रपणे म्हणाला. मला राग आला, पण घरी जाताना एसटीत विचार केला. मागेल त्याला त्यानं किल्ली दिली असती, तर माझी गाडी दारात राहिली असती का?

शेवटी जुने मालक स्वतः साताऱ्याला आले आणि त्यांनी सही केली. आठ दिवसांनी नवी किल्ली आली. ती जोडताना त्या मुलानं यंत्र लावलं आणि विचारलं, ‘काका, या गाडीत तीन किल्ल्यांची नोंद आहे. बाकीच्या दोन कुठं आहेत?’

एक कृष्णेत होती. उरलेल्या दोन कोणाकडे, ते जुन्या मालकांनाही सांगता येईना. त्यांनीही गाडी दुसऱ्याकडूनच घेतली होती. पाच महिने रात्री मी निर्धास्त झोपत होतो आणि माझ्या गाडीच्या दोन किल्ल्या कुठंतरी फिरत होत्या. त्याच दिवशी जुन्या सगळ्या नोंदी पुसून घेतल्या आणि दोन नव्या किल्ल्या करून घेतल्या. अनेक गाड्यांत तशी सोय असते, ती आपण विचारून घ्यावी लागते.

तेव्हा जुनी गाडी घेताना टायरबरोबर किल्ल्याही मोजा. एकच मिळाली तर ती हाताशी असतानाच दुसरी करून घ्या. चालू किल्ली समोर असली की काम सोपं आणि स्वस्त होतं. एकही नसली की खर्च आणि कागद दोन्ही वाढतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी बहुधा सगळ्या मूळ किल्ल्या मागते, म्हणून एकच मिळाली असेल तर तसं विक्रीच्या कागदावर लिहून घ्या. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत करा.

आमची दुसरी किल्ली आता देवघरात आहे, आजीच्याच डब्यात. आई तिच्यावर रोज हळदकुंकू वाहते. मी ती विसरलोय.