प्रदर्शनात काय मांडावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रोह्यात बालपण घालवलेल्या चिंतामणराव देशमुखांविषयी एक लहानसे प्रदर्शन भरवावे, असा आपल्या मंडळाचा विचार चालला आहे. परवाच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "इंग्रज सरकारची चाकरी करून 'सर' झालेल्या माणसाचे कौतुक आपण कशाला करायचे?" प्रश्न रोखठोक आहे. त्याला बगल देऊन प्रदर्शन भरवण्यात अर्थ नाही. म्हणून आज त्याविषयीच बोलते.

मी पेणची माहेरवाशीण आणि रोह्याची सून. त्यामुळे चिंतामणरावांची आठवण निघाली की मला पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबाही आठवतात. विनोबांचा जन्म १८९५ चा, चिंतामणरावांचा महाडजवळच्या नात्याचा, १८९६ चा. दोघेही बुद्धीने तल्लख. पण विनोबांनी शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे जाळली आणि १९१६ साली परीक्षेची वाट सोडून काशी गाठली. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला गेले आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. एकाने सरकारी वाट नाकारली, दुसऱ्याने धरली.

मग दुसऱ्याचे मोल कमी ठरते का? मला तसे वाटत नाही. चिंतामणरावांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात जमीनमहसुलाचे काम केले, १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही सारी चाकरी परक्या राज्यातली, हे खरेच. ते आपण लपवू नये. 'सर' ही १९४४ ची पदवीही पाटीवर लिहावी. पण तिच्याशेजारीच दुसरी पाटी लावावी. १९५२ साली आपल्या कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय झाला, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुर्चीची किंमत ज्याला पुरती ठाऊक आहे, त्याने ती सोडणे सोपे नसते.

आणि तिसरी पाटी लेखकाची. एवढ्या हिशेबांतून वेळ काढून त्यांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले, संस्कृतात कविता केल्या, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. १९७४ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. इकडे विनोबांनी गीतेची 'गीताई' केली, तीही आईला गीता समजावी म्हणून. वाटा वेगळ्या, पण संस्कृतातले धन मराठी घरात आणण्याची ओढ दोघांचीही. मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ साली, चिंतामणरावांना १९५९ साली मिळाला. आणि १९८२ च्या अखेरीस दीड महिन्याच्या अंतराने दोघेही गेले.

आपण स्त्रियांनी एक टेबल दुर्गाबाईंसाठी राखलेच पाहिजे. १९५३ साली त्यांचा चिंतामणरावांशी विवाह झाला आणि त्याच साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याआधी घटनासमितीत त्या बसल्या होत्या. 'चिंतामण अँड आय' हे पुस्तक त्यांचेच. त्यांना केवळ 'पत्नी' म्हणून फोटोच्या कडेला उभे करू नका.

मुंबईला रिझर्व्ह बँकेचे नाण्या-नोटांचे संग्रहालय आहे. तिथल्यासारखी काचेची कपाटे आपल्याकडे कुठून येणार? पण आपल्याकडे माळे आहेत, माळ्यांवर पेट्या आहेत. चिंतामणरावांच्या सहीची एखादी जुनी नोट, 'मेघदूता'ची जीर्ण प्रत, १९५६ सालचे वर्तमानपत्र कुणाच्या घरी निघेल, सांगता येत नाही. दिवाळीची साफसफाई करताना रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उलगडून पाहा, एवढीच माझी विनंती. रद्दीत गेलेला कागद पुन्हा मिळत नाही.

पेणच्या कारखान्यात मूर्ती रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती पाहत नाही, असे आम्ही लहानपणी म्हणायचो. प्रदर्शनाचेही तसेच. वस्तू नुसत्या मांडून भागत नाही. खरे लिहिलेली पाटी हवी. त्या भगिनीचा प्रश्नही दारातल्या पहिल्या पाटीवर लिहू या. उत्तर येणाऱ्या मुलीबाळी आपापले शोधतील.