वीस गाड्या, एक डीपी: सोसायटीतल्या चार्जिंगचं गणित

गेल्या एपिसोडनंतर पुण्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याने इलेक्ट्रिक कार बुक केली, पण सोसायटीची कमिटी म्हणते, "चार्जर लावायचा नाही. आज एकाला दिला तर उद्या वीस जण मागतील, आणि डीपी उडेल." आता गाडी घ्यायची की बुकिंग रद्द करायचं, असा त्याचा प्रश्न आहे.

मला विचाराल तर कमिटीची भीती खोटी नाही, पण हिशेब अर्धवट आहे. पूर्ण हिशेब आज आपण करू.

डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा तो ट्रान्सफॉर्मर. 11 किंवा 22 हजार व्होल्टची लाइन त्याच्यापर्यंत येते आणि आपल्याला घरगुती दाबाची वीज मिळते. त्याला मर्यादा असते: 100, 200, 315, 630 केव्हीए अशी. समजा तुमच्या सोसायटीला 200 केव्हीएचा आहे. म्हणजे ढोबळमानाने 180 किलोवॅट.

भिंतीवरचा कारचा चार्जर साधारण 7.4 किलोवॅटचा. वीस गाड्या एकदम लावल्या तर 148 किलोवॅट! त्यात रात्री नऊला सगळ्यांचे एसी, गीझर, लिफ्ट चालू. इथे कमिटी बरोबर आहे.

पण गाडीला रोज किती वीज लागते? शहरात 35 किलोमीटर फिरलात तर अंदाजे 5 युनिट. वीस गाड्यांचे 100 युनिट. हे रात्री 10 ते सकाळी 6, आठ तासांत वाटून दिले तर सरासरी भार येतो फक्त साडेबारा किलोवॅट. कुठे 148 आणि कुठे साडेबारा! गाड्या त्याच, वीज तेवढीच. फरक फक्त वेळेचा.

म्हणूनच लोड मॅनेजमेंटवाले चार्जर येतात. इमारतीचा भार वाढला की ते गाड्यांचा वेग आपोआप कमी करतात, भार उतरला की वाढवतात. सकाळी गाडी भरलेली मिळाली म्हणजे झालं.

हायवेवरच्या फास्ट चार्जरचं मात्र वेगळं. 60 किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे घरचे आठ. तिथे थांबलेल्या माणसाला "पहाटे या" म्हणता येत नाही. त्यामुळे मोठ्या स्टेशनला बहुतेकदा उच्चदाबाचं कनेक्शन आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. खर्च आणि वेळ दोन्ही तिथेच जातात.

आता कायद्याचं. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे स्टेशनला वीज वितरणाचं लायसन्स लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलं. 2024 मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल झाला आणि गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागायची सोय झाली. म्हणजे "तुझं बिल आमच्या कॉमन मीटरवर" हा वादच मिटतो.

मग करायचं काय? एकट्याने भांडू नका. आधी गाडी असलेले आणि घेणारे, सगळ्यांची यादी करा. सोसायटीचा मंजूर भार बिलावर बघा. लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून वायरिंग, अर्थिंग आणि डीपीवर उरलेली जागा तपासून घ्या. मग एकच अर्ज द्या, लोड मॅनेजमेंटसकट.

आणि एक कळकळीने सांगतो. परवानगी मिळेपर्यंत चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडू नका. तासन् तास पूर्ण भार वाहणारी वायर तापते, आणि खाली पार्किंगमध्ये बाकीच्यांच्याही गाड्या असतात.

तुमच्या कमिटीने काय उत्तर दिलं, ते व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!