दार उघडण्याचे धैर्य
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराला नवा सभामंडप झाला, कळस चढला. कोणी वर्गणी दिली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी विटा वाहिल्या. अशा शुभप्रसंगी पंढरपूरच्या दाराची आठवण काढणे उचित होईल.

संत चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त. पण जातीमुळे त्यांना राऊळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीसुद्धा महाद्वारासमोर, बाहेरच आहे. पुढे शतके लोटली, वारी चालतच राहिली, आणि अस्पृश्य मानलेला वारकरी बाहेरूनच हात जोडून परतत राहिला. हा अन्याय कोणाला दिसत नव्हता असे नाही. बोलायचे कोणी, एवढाच प्रश्न होता.

साने गुरुजी बोलले. आधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळविली. कित्येक गावांनी आपली मंदिरे आणि पाणवठे सर्वांना खुले केले. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. बडवे मंडळींचा विरोध होताच. पण विरोधकांशी झुंजणे त्यामानाने सोपे. चुकीची माहिती पोचल्यामुळे खुद्द महात्मा गांधींनी उपोषण थांबविण्यास कळविले! ज्यांना दैवत मानले त्यांचाही शब्द गुरुजींनी नम्रपणे बाजूला ठेवला.

आणि तनपुरे महाराज? त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. उपोषणासाठी त्यांनी पंढरपुरातला आपला मठ दिला. गुरुजी उपोषण आटोपून निघून जाणारे होते. महाराजांना त्याच गावात, त्याच लोकांत राहायचे होते. दहा दिवसांनी दार उघडण्याचे ठरले.

आपल्या विदर्भात तर त्याआधीच, जुलै १९२८ मध्ये, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी उघडले होते. मंदिर त्यांच्याच घराण्याचे. सनातनी मंडळींचा रोष झाला तो त्यांनी सोसला. देणगीदार मंडळींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

पुढे राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली कायदाही झाला. पण कायद्याचा कागद तहसिलीत राहतो. महाप्रसादाची पत्रावळ मांडताना कोणी हलकेच म्हणतो, "तिकडच्या टोलीची मंडळी मागून बसतील." ते तहसिलीत ऐकू जात नाही. शेजारी पाणी वाढणाऱ्याला मात्र ऐकू जाते, आणि बहुधा तो म्हणणाऱ्याचा चुलतभाऊच असतो.