शांत जिल्ह्यातील हिंसा आणि तिची मोजदाद

(रत्नागिरीतील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रत्नागिरी हा शांत जिल्हा आहे, असे सरकारी अधिकारी सांगतात, वर्तमानपत्रे लिहितात आणि मुंबईहून गणपतीला गावी येणारा चाकरमानीही अभिमानाने म्हणतो. त्यात तथ्य नाही असे नाही. मोठ्या शहरांतील टोळीयुद्धे येथे नाहीत. परंतु शांतता आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुन्ह्यांच्या तक्त्यात जी हिंसा उतरते तेवढीच हिंसा समाजात असते, असे मानणे हा भाबडेपणा होय.

प्रथम आकड्यांचा विचार करू. 2011 च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार होती. अशा शहरात वर्षाला एक खून झाला तर लाखामागे प्रमाण 1.3 भरते; पुढील वर्षी तीन झाले तर ते 4 च्या जवळ जाते. लगेच मथळा येतो, ‘गुन्हेगारी तिप्पट!’ वस्तुतः एका घरातील भावकीचा तंटा आणि एका रात्रीची मारामारी एवढ्याने हा फरक पडू शकतो. अमेरिकेतील छोट्या गावांविषयी असेच मथळे छापले जातात आणि त्यांच्या आधारे तेथील निवडणुका लढविल्या जातात. 2020 साली अमेरिकेत खुनांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढली. देशव्यापी वाढ म्हणून ती गंभीर होती. परंतु एखाद्या लहान गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही. लहान गावाचा आकडा दहा-पंधरा वर्षांच्या ओघात वाचावा लागतो आणि प्रत्येक घटनेचे कारण तपासावे लागते.

कारणे तपासली की चित्र पालटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 28,522 खुनांची नोंद झाली. त्यांपैकी 9,962 खुनांचे कारण तंटेबखेडे हे होते. म्हणजे सर्वांत मोठा गट अनोळखी दरोडेखोरांचा नाही. तरीही कोठे काही घडले की पहिला संशय कोणावर जातो? आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळ्यावर, नौकेवर राबणाऱ्या परप्रांतीय खलाशावर. ज्याच्या श्रमावर बागायतदाराचा आणि नौकामालकाचा हंगाम उभा राहतो, त्यालाच संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे हे भित्र्या समाजाचे लक्षण आहे.

तक्त्याची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे घडले असतील तर राष्ट्रीय अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. जी तक्रार नोंदलीच जात नाही, ती तर मोजलीच जात नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरात अशा स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रिया कोणाकडेही मदत मागत नाहीत. 2011 साली ज्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, त्या जिल्ह्याची शांतता स्त्रियांच्या मौनावर तर उभी नाही ना, हा प्रश्न टाळता येणार नाही.

तिसरी गोष्ट राजकीय आहे. 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापूरजवळ दुचाकीवरून जाणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना एका मोटारीने चिरडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्या दिवशी ही घटना घडली, त्याच दिवशी रिफायनरीच्या एका समर्थकाविषयीची त्यांची बातमी प्रसिद्ध झाली होती आणि आरोप त्याच इसमावर ठेवण्यात आला. आरंभी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले गेले. पत्रकारांनी आवाज उठविल्यानंतर खुनाचे कलम आले. पत्रकार गप्प बसले असते तर तक्त्यात खुनाची ही नोंद त्या रूपात उमटली असती काय? पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2017 सालीच संमत केला होता. कायदा होता, पण त्याचा धाक नव्हता.

हा प्रकार एकाकी नाही. 3 जून 1997 रोजी पहाटे पोलिसांनी गुहागर तालुक्यातील वेलदूर या मच्छीमार गावात शिरून एन्रॉन प्रकल्पाला विरोध करणाऱ्या स्त्रियांना मारहाण व अटक केली. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. प्रकल्पस्थळी नेमलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यांत नमूद आहे. 18 एप्रिल 2011 रोजी जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधातील आंदोलनात साखरी नाटे येथे गोळीबार झाला आणि एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. 28 एप्रिल 2023 रोजी बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर अश्रुधूर सोडण्यात आला. अशा प्रसंगी दगड मारणारा गावकरी तक्त्यात ‘दंगलखोर’ म्हणून येतो. लाठी मात्र सहसा गुन्ह्याच्या रकान्यात येत नाही.

यावरून प्रत्येक हिंसेचे खापर भांडवलशाहीवर फोडणे हाही आळशीपणाच ठरेल. दारूच्या नशेत बायकोला मारणारा कामगार हा अन्यायाचा बळी असेल, पण त्या क्षणी तो अन्याय करणाराच आहे. चळवळीने त्याला वर्गबंधू म्हणून पाठीशी घातले तर स्त्रियांचा तिच्यावरील विश्वास उडेल, आणि तो उडणेच योग्य होय.

मग कार्यकर्त्याने काय करावे? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने हद्द न पाहता तक्रार नोंदविण्याची तरतूद केली आहे. पीडित स्त्रीसोबत, मजुरासोबत, कुळासोबत ठाण्याची पायरी चढणे आणि नोंदीची प्रत हाती घेतल्याशिवाय ती न उतरणे, हे काम साधे आहे. पण ते सभेपेक्षा कठीण आहे.

या कामाला यश आले तर जिल्ह्याच्या तक्त्यातील आकडे काही वर्षे वाढतील. विरोधक म्हणतील, शांत जिल्हा बिघडला. त्या वेळी कार्यकर्त्याने डगमगू नये. जी हिंसा आजवर घराच्या माजघरात आणि प्रकल्पाच्या कुंपणाआड दडलेली होती, ती कागदावर आली एवढाच त्याचा अर्थ असेल. रोगाचे निदान झाले म्हणून रोग वाढला, असे कोणताही शहाणा वैद्य म्हणत नाही.