चासीला तडा गेला तर…

ठाण्यातल्या खोपट आगारातून एसटी बाहेर पडते तेव्हा दिसते ती बॉडी. भार पेलते ती खालची चासी, म्हणजे चौकट. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी धावली, तिची बॉडी लाकडी होती. पुढे अॅल्युमिनियम आलं, अलीकडे पोलाद.

मोटारीमागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या चासीचं दुखणं मात्र वेगळं. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण चौकटीची काळजी अखेर मालकालाच घ्यावी लागते. ट्रेलरला इंजिन नाही. सगळी ओढ आणि ब्रेकचा धक्का पुढच्या दांड्यावर येतो. तो दांडा चौकटीला मिळतो तिथे, किंवा स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधारापाशी, तडे आधी जातात. रंगावर गंजाची बारीक रेघ उमटली, की तिथे संशय घ्यावा.

नुसता वेल्डिंगचा थर चढवला, तर तडा शेजारून पुढे सरकतो. म्हणून जाणता कारागीर तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडतो, ग्राइंडरने तडा ‘व्ही’ आकारात कोरतो, मगच वेल्डिंग भरतो. वर पोलादी पट्टी जोडतो, तीही टोकं तिरकी कापून. आडव्या सरळ टोकापाशी ताण साचतो. पट्टी जितकी जाड तितकी चौकट मजबूत, हा समज हमखास फसवतो. फार ताठ जोडाच्या कडेलाच नवा तडा जातो.

वेल्डिंगआधी ट्रेलर मोटारीपासून सोडवायचा, बॅटरीही काढायची. कोकणच्या पावसात पोकळ चौकोनी नळ्या आतून गंजतात. त्यांना खाली पाणी निघायला भोक हवं, आणि आत गंजरोधक मेणाचा फवारा.