हिशोबाचं बियाणंही तपासून ठेवा

अकलूजच्या बाजारपेठेत आता दुकानाची बिलं कॉम्प्युटरवर होतात. आपल्या गटांच्या दुकानांतही टॅलीसारखं सॉफ्टवेअर आलं आहे. माल किती आला, किती विकला, उधारी कुणाकडे किती, हे सगळं त्या एका डब्यात असतं. तो डबा बंद पडला तर?

दुकान तसंच राहील, माल तसाच राहील. पण उधारीचा पुरावा जाईल. ज्यांनी इमानदारीनं पैसे भरले, त्यांच्याकडेही बोट दाखवलं जाईल. गट मोडायला एवढं पुरतं.

म्हणून रोज दुकान बंद करताना हिशोबाची प्रत काढायची. तिला बॅकअप म्हणतात. टॅलीत त्यासाठी वेगळी सोयच आहे. मात्र ती प्रत त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर ठेवून भागत नाही. डी ड्राइव्ह बहुतेक वेळा त्याच हार्ड डिस्कचा भाग असतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं.

दोन पेनड्राइव्ह घ्या. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा. काम झालं की काढून ठेवा, कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस लावलेला पेनड्राइव्हही सोडत नाही. २०१७ च्या मे महिन्यात अशाच एका व्हायरसनं जगभरातल्या दवाखान्यांचं, कंपन्यांचं काम अडवलं होतं.

एक पेनड्राइव्ह दुकानात, दुसरा दुसऱ्या वस्तीवरच्या सभासद ताईंच्या घरी. ऑक्टोबर २०२० मधली अतिवृष्टी आपल्या सोलापूर जिल्ह्यानं पाहिली आहे. पाणी घरात शिरलं की एकाच कपाटातल्या दोन्ही प्रती भिजतात. जमलं तर तिसरी प्रत गटाच्या ईमेलवरून गूगल ड्राइव्हवर ठेवा. ईमेल गटाचा हवा, दुकानातल्या मुलाचा नको. पासवर्ड दोघींना माहीत हवा. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरला, तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही.

आता खरी गोष्ट. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं, तरी पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतो. सत्तर उगवले तर पेरतो. पोतं भरलेलं दिसतं म्हणून कुणी पेरत नाही. हिशोबाच्या प्रतीचंही तसंच आहे. पेनड्राइव्हवर फाइल दिसते, पण ती उघडेलच असं नाही.

म्हणून महिन्यातून एकदा प्रत उघडून बघा. ती उघडायची मात्र नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू हिशोबाच्या फोल्डरमध्ये उघडली तर जुनी प्रत आजच्या नोंदींवर बसेल आणि मधल्या दिवसांचं काम पुसलं जाईल. उघडल्यावर तीन गोष्टी जुळवा: शेवटचा बिल नंबर, एकूण उधारी आणि हातातली रोख. प्रत काढली त्या दिवशी हे तीन आकडे वहीत लिहून ठेवलेले असले की काम पाच मिनिटांचं.

हिशोबाची दुरुस्ती, वर्षाची फोड किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्याआधीही प्रत काढा. ३१ मार्चची प्रत वेगळी ठेवा, तिच्यावर दुसरं काही लिहू नका. लाइट जाते तिथं यूपीएस लावा. नोंद अर्धवट असताना कॉम्प्युटर बंद पडला तर हिशोब बिघडू शकतो.

कायदाही हेच सांगतो. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. तुमची शेतकरी उत्पादक कंपनी असेल आणि हिशोब कॉम्प्युटरवर असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या सर्व्हरवर रोज प्रत ठेवणं बंधनकारक आहे. तिथं पेनड्राइव्ह पुरत नाही. आपल्या सीएंना विचारून तशी व्यवस्था करा.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित हिशोब लेखन आहेच. त्याला जोडून पुढच्या बैठकीत इतिवृत्तात एक ओळ लिहा: “प्रत उघडून पाहिली, आकडे जुळले.” खाली दोघींच्या सह्या. दर महिन्याला ती पाळी वेगळ्या दोघींकडे द्या, म्हणजे वर्षभरात गटातल्या बऱ्याच जणींना आपला हिशोब स्वतः उघडता येईल.