'डोरा' वाचणारी मुलगी नापास कशी?



   शिक्षकांच्या या मेळाव्याच्या पत्रिकेत माझा विषय 'प्रारंभिक वाचन : आढावा आणि दिशा' असा छापलाय. आढावा उरकते. दिशेचं मात्र माझ्या मनात बऱ्याच वर्षांपासून साचलंय.

आपण शिकलो ते मुळाक्षरं घोकून, बाराखडी म्हणून. पुढे शब्दावरून, वाक्यावरून वाचन आलं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरगटांची वाट दाखवली : सगळी मुळाक्षरं संपायची वाट पाहू नका, चार-सहा अक्षरं आणि एक काना हातात द्या, मूल लगेच शब्द वाचायला लागेल. 2000 सालापासून पहिलीत इंग्रजी आली आणि तिच्या मागून फोनिक्सची, म्हणजे आवाजावरून अक्षर शिकवायच्या पद्धतीची, खोकी आली. 2021 मध्ये निपुण भारत अभियान आलं : दुसरीच्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत. झाला आढावा.

सकाळच्या सत्रात बाराखडीवाले आणि अक्षरगटवाले यांची चांगलीच जुंपली होती. मी मागे बसून ऐकत होते. माझ्या वर्गात एक पोरगा होता, बाराखडी अशी म्हणायचा की पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी फळ्यावर नुसतं 'बु' लिहिलं. तो गप्प. मग बोटाच्या पेरांवर हळूच सुरू : ब, बा, बि, बी... पाचव्या पेरावर पोचला आणि ओरडला, 'बु!' त्याला बाराखडी येत होती, 'बु' येत नव्हता. माझ्यापुरता तो वाद त्या दिवशीच संपला. आवाज आणि खूण यांची थेट गाठ पडली पाहिजे, याला तुम्ही फोनिक्स म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा.

पण आवाज कुणाचा? गुरुजनहो, माझं भांडण इथे आहे.

वर्गात साहेब आले होते, वाचनाची तपासणी चालली होती. दुसरीतली एक मुलगी उताऱ्यावर बोट ठेवून वाचत होती. 'डोळा' आला, ती म्हणाली 'डोरा'. 'पाणी' आलं, 'पानी' म्हणाली. 'काळा' आला, 'कारा' म्हणाली. साहेबांच्या पेन्सिलीची प्रत्येक वेळी फुली. मिनिट संपलं, मुलगी खालच्या गटात. साहेब चहाला गेल्यावर मी तिच्यापुढे दोन कार्डं टाकली, एकावर र, एकावर ळ. 'डोऱ्यातला र दे' म्हटलं, तर तिनं ळचं कार्ड उचललं. 'आणि घरातला?' तिनं रचं उचललं. दोन खुणा तिला वेगळ्या कळत होत्या. फक्त ळचा आवाज तिच्या घरात र असाच होता. डोळा म्हणजे काय विचारलं, तर तिनं बोट डोळ्याला लावलं. याहून वाचन म्हणजे काय असतं, मला कुणीतरी सांगा!

डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचं सगळं मांडून ठेवलंय. आपल्या या बोलीत ण नाही, ळ नाही, श-ष नाही, छ नाही. पोराच्या कानावर जे कधी पडलंच नाही, ते त्यानं पहिलीत पाऊल टाकताच तोंडातून काढायचं आणि नाही निघालं तर 'वाचता येत नाही' असा शेरा घ्यायचा.

कुणी म्हणेल, मराठी लिहितो तशीच वाचतो, म्हणून उच्चार शुद्ध हवा. हे कुणी ठरवलं? 'चार' आणि 'चाक' म्हणून बघा. अक्षर एक, आवाज दोन. 'ऋषी' आपण सगळे 'रुशी' म्हणतो, थेट पुण्यापर्यंत. ऋ गेला, ष गेला, कुणी फुली मारली? 'ज्ञान' काय म्हणतो ते तर विचारूच नका. म्हणजे प्रमाण मराठी बोलणाऱ्याच्या तोंडातून आवाज गळाले तर ती रीत, आणि झाडीपट्टीच्या लेकराच्या तोंडात ळ नसला तर ती चूक!

ज्यांच्याकडून आपण फोनिक्स आणलं, त्यांच्याकडे बघा. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते. चाळीस शब्द, त्यातले निम्मे निरर्थक, म्हणजे पाठांतराला वाव नाही. तिथे शिक्षकांना दिलेल्या सूचनांत लिहिलंय की गुण देताना मुलाच्या बोलण्याची ढब लक्षात घ्यावी, कुठल्याही एका ढबीला झुकतं माप देऊ नये. आपण खोकी आणली, कार्डं आणली, गाणी आणली. ही एक ओळ तेवढी बंदरावरच राहिली.

लगेच शंका येईल : मग लिहिताना 'डोरा'च लिहील की. लिहील काही दिवस. ळ शिकवायचाच आहे. जीभ मागे वळवून, आरशात दाखवून, खेळत शिकवायचा. दहावीच्या पेपरला तो लागणार आहे हे मलाही कळतं. पण तो नवा आवाज म्हणून सावकाश शिकवायचा, वाचनाची परीक्षा म्हणून नाही. वाचन एकीकडे तपासा, उच्चार दुसरीकडे. दोन्हींची एकच फुली करू नका. त्या फुलीनं मूल वाचायचं थांबत नाही, ते तोंड उघडायचं थांबतं. मग आपण अहवालात लिहितो, 'विद्यार्थी अबोल आहे'.

आता दिशा. मला काही मोठी योजना जमत नाही. आपल्या भागातल्या पोरांचे उच्चार आणि पुस्तकातले उच्चार यांचा एक तक्ता व्हावा, तपासणी करणाऱ्याच्या हातात आधी तो पडावा. झाडीचं मी काही सांगू शकेन. इथली पोवारी बोली माझ्या कानाला आहे, तोंडाला नाही. गोंडी भाषेचं तर मला काहीच येत नाही, तिथे देवरी-सालेकसा तालुक्यांतले गुरुजी लागतील. हा तक्ता कसा करायचा, कुणाकडे द्यायचा, ते बसून ठरवू. अक्षरगटांचा क्रमही आपल्या पोरांसाठी बदलावा लागेल, ण आणि ळ मागे न्यावे लागतील, त्यावर आज बोलत नाही, जेवण थंड होतंय. गोंडी बोलणारे कोण कोण आलेत? हात वर करा जरा. मागे दोघं दिसतात... तुम्ही दोघं जेवायला माझ्या पंगतीला बसा.